विषाच्या जमिनीत नारळ फोडला

जमिनीखालचं पाणी ओळखण्यात आमच्या भागात माझा हात धरणारा कोणी नाही. माझ्या स्वतःच्या दारातली बोअर तेवढी कोरडी ठणठणीत आहे आणि आमची ही समोरच्या नळावर भांडून पाणी आणते.

मी शिकलेला गडी नाही. चौथीत गुरुजी म्हणाले, सदा, तू घरी बस, तूही सुखी आणि मीही. म्हणून हे मी लिहीत नाही. मी फोनात बोलतोय आणि फोन लिहितोय. बेंगळुरूहून परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, कसं आहे शहर, काय बघितलंस? प्रत्येकाला सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच बोलून ठेवतो. बाग, राजवाडा, विधानसौध यातलं काही मी बघितलं नाही. मी एका बंद कंपनीची माती बघितली आणि माझी झोप उडाली.

कोल्हापूरकडं उसाच्या रानात बोअर मारत हिंडणं हा माझा धंदा. एक दिवस बेंगळुरूच्या ठेकेदाराचा फोन आला. म्हणाला, लहान मशीन घेऊन ये, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेत बोअर मारायच्यात. मी विचारलं, तिकडं पाणी किती फुटांवर लागतं? तो म्हणाला, "पाणी नको रे बाबा, माती पाहिजे." मला वाटलं चेष्टा करतोय. मातीसाठी बोअर? माती तर वरच असते की, वाकलं की मिळते.

के. आर. पुरम

मशीन टेम्पोनं पुढं पाठवली आणि मी रेल्वेनं सकाळी के. आर. पुरमला उतरलो. समोर दोऱ्यांनी टांगलेला मोठा पूल आणि त्याच्याखाली गाड्या अशा तुंबलेल्या की पूल कशाला बांधला असेल, हाच प्रश्न पडावा. स्टेशनाबाहेर कॉफीच्या टपरीवर उभा राहिलो. शेजारी दोन माणसं होती. दुकानदारानं आमच्यापुढं दोन छोटे पेले ठेवले. आमच्याकडं गिऱ्हाईक उभं राहिलं की आपोआप चहा पुढं येतो, तसंच असणार म्हणून मी एक उचलला आणि पिऊन टाकला. त्यातला एक जण माझ्याकडं बघतच राहिला. मग कळलं की तिथं दोघांत एक कॉफी सांगतात आणि तिचे दोन पेले करून घेतात. बाय-टू म्हणतात त्याला. मी त्याची अर्धी कॉफी ढोसली होती. आमच्याकडं पाहुण्याला अर्धा कप दिला तर तो गावभर सांगत सुटेल, आणि इथं लोक खुशीनं अर्धी पितात! मी हात जोडले. तो हसून म्हणाला, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." म्हणजे थोडं सांभाळून घ्या. खरं तर ते मी म्हणायला पाहिजे होतं.

भिंतीच्या आत

जागा महादेवपुराच्या बाजूला. चारी दिशांना काचेच्या बिल्डिंगी, गळ्यात पट्टे अडकवलेली पोरंपोरी, आणि मधेच एक काळपट दगडी भिंत. आत पत्रे उडालेली शेड. गेटावर आमच्या मॅडम उभ्या होत्या, कीर्ती मॅडम. निपाणीकडच्या. वय माझ्या पोरीएवढं, आवाज माझ्या सासूएवढा.

"सदामामा, ही दोरी बघा. हिच्या आत खायचं नाही, प्यायचं नाही, तंबाखू मळायची नाही, मातीला उघडा हात लावायचा नाही."

"आणि श्वास घ्यायचा का मॅडम?"

"मास्कमधनं घ्या की."

मग त्यांनी मला पांढरा कागदासारखा अंगरखा दिला, पायापासून डोक्यापर्यंत एकच. चेन गळ्याला. ती चेन तिथंच अडकली. मी सकाळपासून दीड कॉफी प्यालो होतो. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की समोरच्या काचेच्या बिल्डिंगीतली पोरं खिडकीला येऊन माझा नाच मोबाईलात काढत होती.

मॅडमनी जागा फिरून दाखवली. ही कंपनी म्हणे नळांना, गाड्यांच्या बंपरांना चमक चढवायची, क्रोमची. आपण दुकानात नळ घेतो, त्यात तोंड बघून भांग पाडतो, तीच चमक. चमक चढवली की माल धुवायचा आणि ते धुतलेलं पाणी खड्ड्यात सोडायचं. वर्षानुवर्षं. मग कंपनी बंद, मालक गायब, खड्डे बुजवलेले. आता एका बिल्डरनं जागा घेतली होती. इथं उंच बिल्डिंगी, पोहायचा तलाव, पोरांना खेळायला हिरवळ. त्याआधी बघायचं की जमिनीत किती खोल आणि किती लांब काय गेलंय. कुठली माती उचलायची, कुठली जागेवरच सुधारायची, ते आमच्या बोअरींवरून ठरणार.

शेडमधल्या जुन्या हौदांच्या भिंतींवर पिवळं पिवळं फुललं होतं, शेवाळ असतं तसं. मला लई आवडलं. मी म्हटलं, "मॅडम, छान रंग दिलाय." त्या म्हणाल्या, "तो रंग नाही मामा. विष बाहेर येऊन वाळलंय."

मी हात मागं घेतला तो दिवसभर मागंच ठेवला.

अक्काची खानावळ

दुपारी दोरीच्या बाहेर आलो, हातपाय धुतले, अंगरखा टाकला. आणि भिंतीपलीकडून फोडणीचा असा वास आला की पाय आपोआप तिकडं वळले. भिंतीला लागूनच जुनं कौलारू घर, पुढं पत्र्याखाली बाकडी. मालकीण साठीच्या घरातली, कपाळावर आडवं कुंकू, हातात पळी. ऑटोवाले, गॅरेजवाले, काचेच्या बिल्डिंगीतले शिपाई, सगळे तिला अक्का म्हणत होते आणि ती सगळ्यांवर कन्नडात ओरडत होती. माझं ऐकलं आणि मराठीत वळली.

"महाराष्ट्रातनं आलास अण्णा? सरी सरी, बैस. आम्ही पण मराठीच. साडेतीनशे वर्षं झाली हो इथं येऊन."

"साडेतीनशे? मग परत कधी जाणार?"

"तुमच्याकडं पाणी आहे का प्यायला? असेल तर येते."

मला दारातली बोअर आठवली.

ताटात भात, सारू म्हणजे पातळ आमटी, पालेभाजी आणि नाचणीचा मोठा गोळा. मुद्दे म्हणतात त्याला. मी तो चावायला घेतला. तो टाळूला असा चिकटला की माझं तोंड उघडेना. सगळी बाकडी हसायला लागली. अक्का म्हणाली, "अय्यो, चावू नकोस, गिळ! सारूत बुडव आणि गिळ!" आमच्याकडं आई बत्तीस वेळा चाव म्हणून ओरडते, इथं चावलं तर ओरडतात. गिळला. घशातून गेला तो थेट बेंबीपर्यंत कळला.

जेवणानंतर अक्कानं मागं नेऊन विहीर दाखवली. दगडी कडं, रहाट, आत काळोख. म्हणाली, "आजूबाजूचे सगळे टँकर घेतात. उन्हाळ्यात तर तोही मिळत नाही. माझी विहीर कधी आटली नाही. या पाण्यावर माझी खानावळ आहे, अण्णा. टँकर घेतला तर या लोकांना या दरात जेवण कुठनं घालू? बंदच करावं लागेल." मग जरा थांबून, "तू पाण्यातला माणूस ना? सांग, कसं आहे माझं पाणी?"

आता बघा, आमच्याकडं बोअरला पहिलं पाणी लागलं की बोअरवाल्यानं ते ओंजळीत घ्यायचं, डोळे मिटून चाखायचं आणि काय ते बोलायचं. सगळं घर हात जोडून उभं असतं. खारट असलं तरी तेव्हा कोण खारट म्हणतो? पाच माणसं बघत असली की माझ्या अंगात येतंच. मी चप्पल काढली, ओंजळ भरली, डोळे मिटले, घोट घेतला, मुद्दाम थोडा वेळ लावला आणि म्हटलं,

"अक्का, अमृत आहे. माझ्या मुलखात असं पाणी नाही."

बाई फुलून गेली. त्या संध्याकाळी जो जेवायला येईल त्याला सांगत होती, महाराष्ट्रातला पाण्याचा जाणकार आलाय, तो काय म्हणाला ऐका. मला दुसरं मुद्दे फुकट.

हळद-कुंकू

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या आधी पोचलो. पहिली बोअर मारायची आणि पूजा नाही, असं माझ्या हातून कधी झालेलं नाही. मॅडमनी खूण करून ठेवलेल्या जागी मी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, मशीनच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ फोडून पाणी त्या जागेवर ओतलं. मग हात जोडून उभा राहिलो, मॅडम खूश होतील म्हणून.

मॅडम आल्या, बघितलं, आणि डोक्याला हात लावला.

"ओ मामा! खूळ बीळ लागलंय काय तुम्हाला?"

"देवाचं आहे मॅडम."

"देवाचं आहे, पण कुंकू बाजारातलं आहे की! त्यात शिसं असतंय. भेसळीच्या हळदीला पिवळेपणा कशानं येतो ठाऊक आहे? क्रोमच्याच रंगानं. जे शोधायला आपण आलोय तेच तुम्ही वरनं शिंपडलंय!"

मी हादरलो. आमच्या घरात आजवर जितकी हळद उधळली ती सगळी डोळ्यापुढं आली. ती जागा बाद झाली. वरची माती खरवडून वेगळ्या पिशवीत भरली, खूण बाजूला सरकवली, मशीनचे दांडे धुतले, परत धुतले. मॅडमनी शेवटी एवढी सवलत दिली की नारळ गेटाबाहेर फोडा, खोबरं गेटाबाहेरच खा आणि हात धुऊन आत या. देव बाहेर आणि मी आत.

मग मशीन चालू केली. नळी खाली जाते आणि माती कांडीसारखी अख्खी वर येते. आधी लाल माती, आमच्या काळ्या रानातल्या माणसाला ती बघूनच मौज वाटते. मग मुरूम. पुरुषभर खोल गेल्यावर कांडी बाहेर काढली आणि उघडली.

पिवळी. ओली, झगझगीत पिवळी, कडेला हिरवट.

मला वाटलं वातावरण जरा हलकं करावं. म्हटलं, "मॅडम, ही माझी हळद नाही बरं का."

कोणी हसलं नाही. मॅडमही नाही. त्यांनी नवे हातमोजे घातले, माती बाटलीत भरली, झाकण लावलं, बर्फाच्या पेटीत ठेवली आणि म्हणाल्या, "अजून खाली चला." अजून खाली गेलो. अजून पिवळी.  आजवर मी जमिनीच्या पोटात हात घालून पाणी काढलं, दगड काढले, एकदा तर कोणाची तरी हरवलेली कळशी काढली. पण जमीन आतून अशी असू शकते, हे मला कोणी सांगितलं असतं तर त्यालाच दवाखान्यात नेलं असतं.

भिंतीलगत

नंतर मॅडम म्हणाल्या, पाणी कुठल्या बाजूला वाहतंय ते बघू. जमिनीखालच्या पाण्यालाही उतार असतो. ठिकठिकाणी जाळीच्या नळ्या बसवल्या, पाण्याची पातळी मोजली. शेवटची नळी भिंतीच्या अगदी कडेला. तिच्यातून पाणी काढलं. काचेच्या बाटलीत ते लिंबाच्या सरबतासारखं दिसत होतं.

मॅडम भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या. भिंतीवरून सारूच्या फोडणीचा वास येत होता.

"मामा, पलीकडं काय आहे?"

मी म्हटलं, "मी रोज जेवतो ते."

बिल्डरचा माणूस होता तिथं. तो म्हणाला, भिंतीपलीकडचं आपल्या कामात नाही. मॅडमनी रिकामी बाटली उचलली आणि अक्काच्या दारात गेल्या. मी मागं.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाली.

"का हो अक्का? नुसतं तपासायचं आहे."

"तुम्ही तपासणार, काहीतरी कागद येणार, मग कोणीतरी येऊन विहिरीला कुलूप घालणार. मग ही बाकडी कुठं नेऊ मी? आणि तपासायचं काय आहे? आमच्या सदाण्णानं चाखून सांगितलंय. अमृत आहे."

मॅडम सावकाश माझ्याकडं वळल्या. आयुष्यात माझ्याकडं कोणी तसं बघितलेलं नाही, माझ्या सासूनंसुद्धा नाही. म्हणाल्या, "मामा, हा घोळ तुम्ही घातलाय, तुम्हीच निस्तरा," आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसल्या.

मी अक्कापुढं उभा राहिलो. म्हटलं, "अक्का, माझ्या जिभेवर जाऊ नकोस. तंबाखूनं ती कधीच मेलीय. मला दूध आणि ताक वासावरून ओळखावं लागतं."

"मग अमृत का म्हणालास?"

"आमच्यात म्हणायची पद्धत आहे. खारट लागलं तरी आम्ही गोड म्हणतो, लोकांना बरं वाटावं म्हणून."

"माझं खारट लागलं होतं?"

"मला काहीच लागलं नव्हतं, अक्का. पाच माणसं बघत होती, म्हणून बोललो."

तिनं हातातली पळी खाली ठेवली.  मग म्हणाली, "साठ माणसं जेवतात माझ्याकडं. तुझ्या भरवशावर मी त्यांना सांगितलं." आणि पदर खोचून मागं गेली, स्वतः रहाटाला हात घातला. मॅडमनी तिला थांबवलं, आपल्या नळीनं पाणी काढलं आणि स्वच्छ काचेची बाटली भरली.

काळ्या विहिरीत, तांब्याच्या हंड्यात, स्टीलच्या पेल्यात ते पाणी पाण्यासारखंच दिसायचं. मॅडमनी बाटलीच्या मागं पांढरा कागद धरला.

अगदी फिकट. पण पिवळं.

अक्का बाटलीकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आमच्या यजमानांचे पंचे कधी पांढरे राहिले नाहीत. मी साबणवाल्याला शिव्या घालायचे. ते गेले, तरी मी साबण बदलतेच आहे."

 चार घोट पिऊन मी एवढा हादरलो होतो आणि ही बाई लग्न होऊन आल्यापासून हेच पीत होती. मी मॅडमना विचारलं, माझं काय होईल? त्या म्हणाल्या, "चार दिवसांच्या पाण्यानं काही होत नाही मामा. तुमचं नाही हे." ते 'तुमचं नाही' मला अजून टोचतं.

निकाल

त्याच संध्याकाळी अक्कानं रहाटाचा दोर काढून ठेवला आणि टँकर सांगितला. तपासणीचा निकाल यायची वाट बघितली नाही. पुढं निकाल आला तो वाईटच आला. मॅडमनी अक्काला समोर बसवून सांगितलं, काही लपवलं नाही. दवाखान्यात जाऊन तपासून घे म्हणाल्या. आपल्या अहवालात विष भिंत ओलांडून गेलंय असं लिहिणार, साफसफाई अक्काच्या अंगणापर्यंत करावी लागेल आणि तोवर हिला पाणी पुरवलं पाहिजे, हेही लिहिणार, म्हणाल्या. बिल्डरचा माणूस तोंड वाकडं करून निघून गेला. "पाणी येईल तेव्हा येईल," अक्का म्हणाली, "लोक आज जेवायला येणार." टँकर सांगितला. पालेभाजी धुवायला पाणी फार लागतं म्हणून ती बंद केली, मुद्देचा आकार कमी केला आणि बाकड्यांवर बसलेल्या प्रत्येकाला कारण स्वतःच्या तोंडानं सांगितलं. दोन-चार जण उठून गेले.  बाकीचे बसले. एक ऑटोवाला म्हणाला, "अक्का, स्वल्प अन्न हाकी," थोडा भात वाढा, आणि जेवायला लागला.

आता यापुढं काय करतात ते ऐका, मला तर आधी थापच वाटली. अगदी खराब माती उचलून बंद खड्ड्यात नेतात. जी उचलता येत नाही, तिला बोअरीतून काकवी पाजतात. काकवी! आपल्या गुऱ्हाळातली, भाकरीबरोबर खातो ती! मॅडम म्हणाल्या, ती खाऊन मातीतले बारीक जीव वाढतात आणि त्या पिवळ्या विषाचा जोर उतरतो, ते पाण्याबरोबर पळायचं थांबतं. वर्षं लागतात म्हणे. मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडं जमीन काकवी देते, तुमच्याकडं खाते." त्या पहिल्यांदा हसल्या. मला तेवढंच बरं वाटलं.

निघायच्या दिवशी अक्काकडं शेवटचं जेवलो. मन नुसतं खात होतं. जेवता जेवता सगळ्या बाकड्यांपुढं उभा राहिलो आणि म्हटलं, "अक्का, ऐक. मी गावाकडनं मोठी मशीन घेऊन येतो. तुझ्या अंगणात खोल बोअर मारतो. एक पैसा घेणार नाही. असं गोड पाणी काढून देतो की..."

मॅडम कोपऱ्यात जेवत होत्या. ताटातून डोकं वर न करता म्हणाल्या, "मामा, इथं खोल भोक पाडलं तर वरचं विष सरळ खाली जाईल. बसा."

मी बसलो नाही. उभाच राहिलो. अक्कानं भाताचं पातेलं खाली ठेवलं, माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली,

"सदाण्णा, तू माझ्यावर उपकार करू नकोस. जेवून झालं असेल तर आपलं ताट विसळून ठेव. आणि एका तांब्यात विसळ, पाणी विकतचं आहे."